कॉर्डोबा ते फुस्तात : रामबामच्या वाटेवर

मोशे बेन मैमॉन. युरोपात त्याला मायमोनिडीस म्हणतात, अरबीत मूसा इब्न मैमून, आणि ज्यू लोक नावाची आद्याक्षरं जोडून ‘रामबाम’ म्हणतात. बाराव्या शतकातला हा धर्मशास्त्री, तत्त्वज्ञ आणि वैद्य. स्पेनमधल्या कॉर्डोबात जन्मला, तरुणपणी मोरोक्कोतल्या फेझमध्ये राहिला, पॅलेस्टाइनमार्गे इजिप्तला पोहोचला आणि उरलेलं आयुष्य कैरोला खेटून असलेल्या फुस्तातमध्ये काढलं. एप्रिलमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ याच वाटेनं जाऊन आलो. मी फिजिशियन, अलिबागला आयुष्यभर प्रॅक्टिस केली. भावाचं तिथेच तांदूळ-मसाल्याचं दुकान आहे. व्हिसा आणि तिकिटं भाचीने जमवली, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. एकच सांगते : स्पेनला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी बरंच आधी अर्ज करा.

सोमवार, कॉर्डोबा

माद्रिदहून सकाळच्या गाडीने आलो. स्टेशनपासून जुन्या गावात पायीच गेलो, कारण रस्त्याला दुतर्फा कडू संत्र्यांची झाडं आणि उरलासुरला मोहर. उकडत नव्हतं. मे महिन्यात इथे अंगणं सजवण्याची स्पर्धा असते आणि गर्दीला पार नसतो, म्हणून एप्रिल बरा.

संध्याकाळी ज्यू मोहल्ल्यात शिरलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर आपण भिंतीला टेकायचं. तिबेरियास चौक म्हणजे चौक कसला, चार पावलांची मोकळी जागा. तिथे रामबामचा ब्राँझचा पुतळा आहे, १९६४ साली बसवलेला. डोक्याला फेटा, हातात पुस्तक, पायात सपाता. लोक पायाला हात लावून जातात, त्यामुळे सपातांची टोकं सोन्यासारखी उजळ झाली आहेत. भावाने आपसूक पायांना हात लावून कपाळाला नेला. शेजारी एक म्हातारं स्पॅनिश जोडपं होतं, त्यांनी ते बघून तसंच केलं.

जन्मसाल बऱ्याच ठिकाणी ११३५ दिलेलं आढळतं. पण त्याने स्वतः एका ग्रंथाच्या शेवटी आपलं वय नोंदवलं आहे, त्यावरून ११३८ निघतं आणि आता अभ्यासक तेच धरतात. वडील मैमॉन हे गावातल्या ज्यूंचे न्यायाधीश. मुलगा दहा वर्षांचा असताना, ११४८ मध्ये, मोरोक्कोतून आलेल्या अल्मोहाद या मुस्लिम राजवटीने कॉर्डोबा घेतलं. ज्यूंना आणि ख्रिश्चनांना धर्म बदला किंवा निघा असं सांगण्यात आलं. हे कुटुंब निघालं आणि पुढची बारा-एक वर्षं अंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनमध्ये, इकडून तिकडे फिरत राहिलं.

मंगळवार, कॉर्डोबा

मेस्किता, म्हणजे कॉर्डोबाची मोठी मशीद (आता कॅथेड्रल), सकाळी साडेआठला गाठली. रविवार सोडून सकाळचा पहिला तास बिनतिकीट असतो आणि गटांची गर्दीही नसते. जाण्याआधी वेळ मात्र तपासून घ्या. लाल-पांढऱ्या कमानींबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही.

तिथून ज्यू गल्लीतलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. हे सोमवारी बंद असतं. आत एकच खोली, पण भिंतींवर चुन्यातलं कोरीव काम आणि हिब्रू ओळी अजून शाबूत आहेत. बाहेर एक गाइड आपल्या गटाला ‘इथे रामबाम प्रार्थनेला यायचे’ असं सांगत होता. ते शक्य नाही. इमारत १३१५ ची आहे, रामबाम १२०४ साली गेला. त्याच्या लहानपणीचं सिनेगॉग उरलेलंच नाही.

मला जास्त भिडला तो दुसरा पुतळा, जुन्या तटबंदीच्या बाहेर असलेला इब्न रुश्दचा. तोही याच गावचा, १२-एक वर्षांनी मोठा, तोही वैद्य, तोही न्यायाधीशांच्या घरातला, तोही अॅरिस्टॉटलवर आयुष्य वेचणारा. एक मुसलमान, एक ज्यू, दोघंही अरबीत लिहिणारे. म्हातारपणी रामबामने आपल्या अनुवादकाला कळवलं होतं की अॅरिस्टॉटल समजून घ्यायचा तर इब्न रुश्दची भाष्यं वाच. आज दोघांचे पुतळे काही मिनिटांच्या अंतरावर आहेत आणि बहुतेक प्रवासी एकच बघून जातात. दोन्ही बघा.

जेवायला सालमोरेहो घेतलं. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून केलेलं गार, दाट सूप. वर डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं टाकतात, नको असेल तर मागवतानाच ‘सिन हामोन’ म्हणा. वांग्याचे तळलेले काप उसाच्या काकवीत बुडवून देतात. काकवी बघून भाऊ खूश. खानावळीच्या मालकीणबाईंना त्याने फोनवर आमच्याकडच्या गुऱ्हाळाचा व्हिडिओ दाखवला. बाईंनी दुसरी बशी आणून ठेवली आणि पैसे घेतले नाहीत.

बुधवार, सामुद्रधुनी

स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेल्या तारिफाहून तासाभरात मोरोक्कोतल्या टँजरला पोहोचवणारी बोट आम्ही ठरवली होती. धक्क्यावर पोहोचलो तर सगळ्या फेऱ्या रद्द. पूर्वेकडून ‘लेवांते’ वारा सुटला होता. माझी ओढणी हातातून उडून कुंपणाच्या जाळीला जाऊन चिकटली. खारट पाण्याचे तुषार रस्त्यापर्यंत येत होते. शेवटी सगळ्यांना बसने आल्हेसिरासला नेलं आणि तिथून मोठ्या जहाजात बसवलं. ते जुन्या टँजरला लागत नाही, चाळीसेक किलोमीटर दूरच्या नव्या बंदराला लागतं. हॉटेलवर पोहोचायला रात्र झाली. या टप्प्याला एक दिवस हाताशी राखून ठेवा, आणि उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी अर्धा तास घ्या, सुटल्यावर नाही.

जहाजात निम्मे लोक आडवे झाले होते. माझ्या शेजारी एक मोरोक्कन आजी बसली होती, तिने पिशवीतून लिंबू काढून मला हुंगायला दिलं आणि माझा हात धरून बसली.

रामबामही एप्रिलमध्येच समुद्रावर होता, ११६५ साली. मोरोक्कोतून निघालेल्या त्यांच्या जहाजाला शनिवारी वादळाने गाठलं आणि सगळे मेलोच म्हणून बसले. महिनाभराच्या प्रवासानंतर ते पॅलेस्टाइनमधल्या अक्को बंदरात सुखरूप उतरले. त्याने ते दिवस लिहून ठेवले : जहाज निघालं तो आणि वादळाचा, हे दोन्ही दिवस आपण आणि आपल्या घरच्यांनी दरवर्षी उपास करायचा. वादळाच्या दिवशी तर कोणालाही भेटायचं नाही, कारण त्या दिवशी समुद्रावर देवाखेरीज कोणी सापडलं नव्हतं. इतका तर्ककठोर माणूस, पण वादळाचा दिवस त्याने जन्मभर पाळायचा ठरवला.

गुरुवार, शुक्रवार, फेझ

टँजरहून गाडी बदलून दुपारी फेझ. जुन्या शहरात वाहनं नाहीत, सामान हातगाडीवर किंवा गाढवावर. मागून ‘बालाक!’ ऐकू आलं की बाजूला व्हायचं.

इथे कोणालाही विचारा, रामबामचं घर म्हणून बू इनानिया मदरशासमोरच्या पाणघड्याळाच्या वाड्याकडे बोट दाखवतात. वरच्या मजल्यावर खिडक्यांची ओळ आणि लाकडी तुळया. घड्याळ चौदाव्या शतकातलं आहे, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं नंतरचं, पण लोकांनी घर त्याच्या नावावर केलंय ते केलंय. आता ज्याला मेल्लाह म्हणतात तो ज्यू मोहल्लाही पंधराव्या शतकातला. तो जरूर बघा, तिथलं इब्न दानान सिनेगॉग देखणं आहे, पण रामबामचा माग तिथे काढू नका. तो राहिला असेल तो याच जुन्या गल्ल्यांत.

मला अनेकांनी विचारलं की ज्या अल्मोहादांमुळे कॉर्डोबा सोडलं, त्यांच्याच राज्यातल्या फेझमध्ये ११६० च्या सुमारास हे कुटुंब गेलं कसं? उत्तर सरळ नाही. बाहेरून इस्लाम पाळायचा आणि घरात आपला धर्म, असं तेव्हा पुष्कळ जण करत. रामबामनेही तसं केलं होतं असं अल-किफ्ती या अरब चरित्रकाराने लिहिलंय, अभ्यासकांत त्यावर अजून वाद आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याने या काळात लिहिलेलं पत्र. बळजबरीने धर्म बदललेल्यांची प्रार्थनाही देवाला नको, असं एका पंडिताने जाहीर केलं होतं. विशी ओलांडलेल्या या मुलाने त्याला खडसावलं. जिवाच्या भीतीने नुसते शब्द उच्चारावे लागले म्हणून माणूस धर्मातून जात नाही, त्याने लपून केलेलं सत्कर्मही मोलाचं. मात्र जमेल तितक्या लवकर अशी जागा सोडून जावी, असं त्याचं म्हणणं. घाबरलेल्या माणसाला आधी धीर द्यायचा, मग उपाय सांगायचा, ही वैद्याची रीत मला या पत्रात दिसते.

शुक्रवारी पाऊस. आम्ही अत्तारांच्या बाजारात आडोसा घेतला. एका दुकानात छतापर्यंत बरण्या : दालचिनी, सुंठ, वाळलेल्या गुलाबकळ्या, तुरटीचे खडे. भाऊ पावसात शिंकत होता. दुकानदार आजोबांनी न विचारता चिमूटभर कलौंजी फडक्यात बांधली, तळहातावर रगडली आणि त्याच्या नाकाशी धरली. ‘ताई, आईची ओव्याची पुरचुंडी!’ भाऊ म्हणाला आणि डोळे मिटून हुंगत राहिला. मग दोघांचं मिऱ्यांवरून जुंपलं. एकाला अरबी आणि फ्रेंच, दुसऱ्याला मराठी आणि दुकानापुरतं इंग्रजी. भावाने दाणा दाताखाली फोडला आणि हा आपल्याकडचा नाही असं हाताने सांगितलं. आजोबांनी आतून दुसरा डबा काढला. तो फोडल्यावर भावाने मान डोलावली. पाऊस थांबेपर्यंत आम्हाला पुदिन्याचा चहा दोनदा झाला.

रामबामने औषधांच्या नावांचा एक छोटा कोश केला होता, चारशेच्या आसपास नोंदींचा. एकाच वनस्पतीला अरबीत काय म्हणतात, ग्रीकमध्ये काय, फारसीत, बर्बर भाषेत आणि स्पेनच्या लोकांच्या बोलीत काय. गावोगाव फिरलेल्या वैद्यालाच अशा कोशाची गरज कळते. नाव चुकलं की औषध चुकतं.

फेझमध्ये सकाळी बिस्सारा खा. सुक्या बाकल्याच्या डाळीचं दाट पिठलंच म्हणा, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. अल-कारावियीन मशिदीत मुसलमानांखेरीज इतरांना प्रवेश नाही, दारातून अंगण दिसतं तेवढं बघायचं.

रविवार, फुस्तात

शनिवार विमानात आणि विमानतळांवर गेला. रविवारी सकाळी कैरोत खिडकी उघडली तर आभाळ मातकट. खमसीन, म्हणजे वाळवंटातून येणारा धुळीचा वारा. भावाला लहानपणापासून दमा. इनहेलर, मास्क, दोन्ही घेऊन निघालो. एप्रिलमध्ये कैरोला येणाऱ्या दम्याच्या पेशंटने हे लक्षात ठेवावं.

योगायोग असा की रामबामचा दम्यावर एक स्वतंत्र ग्रंथ आहे, तेरा प्रकरणांचा. एका बड्या घरच्या पेशंटसाठी लिहिलेला. त्याचा दमा पावसाळ्यातल्या सर्दीने उठायचा आणि अलेक्झांड्रिया सोडून कैरोला राहायला येऊ का, असं तो विचारत होता. औषधांआधी जेवण, झोप, व्यायाम, मन आणि हवा यांवर रामबामने पानंच्या पानं लिहिली आहेत. कोंबडीचं सूपही त्यात आहे. शहरातल्या उंच इमारती, चिंचोळ्या गल्ल्या आणि घाण यांमुळे हवा कशी कोंडते हे त्याने सांगितलंय, आणि शहर सोडता येत नसेल तर निदान कडेच्या मोकळ्या भागात राहा, असा सल्ला. आजही मी पेशंटला याहून वेगळं काय सांगते?

मेट्रोने मार गिर्गिस स्टेशनला उतरलात की समोरच जुना कैरो. अधांतरी बांधलेलं कॉप्टिक चर्च, आणि मागे चार पायऱ्या उतरून बेन एझ्रा सिनेगॉग. आजची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधलेली, दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलेली. आत फोटो काढू देत नव्हते. याच जागेवरच्या जुन्या सिनेगॉगमध्ये गेनिझा होती. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून तो भिंतीतल्या उंच झरोक्यातून एका बंद खोलीत टाकत. हळूहळू लोक हिब्रू अक्षरांतलं काहीही टाकू लागले : पावत्या, औषधाच्या चिठ्ठ्या, लग्नाचे करार, भांडणं. १८९६-९७ मध्ये केंब्रिजचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी इथून जवळजवळ १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत रामबामच्या हातचे मसुदे आहेत, खाडाखोडीसकट.

आणि त्याच ढिगात त्याच्या धाकट्या भावाचं पत्र होतं.

दावीद व्यापारी होता. रत्नांचा आणि इतर मालाचा. थोरल्याने बसून अभ्यास करावा, कमाई मी करतो, अशी घराची वाटणी. ज्या दहा-एक वर्षांत रामबामने ज्यू कायद्याचा चौदा खंडांचा ‘मिश्ने तोरा’ रचला, त्या काळात घराचा खर्च दावीदने उचलला, हे रामबामनेच पुढे लिहून ठेवलंय. हे पत्र दावीदने लाल समुद्रावरच्या आयधाब बंदरातून थोरल्याला लिहिलं. नाईलकाठच्या कूसहून निघून वाळवंटात तो आणि एक सोबती तांड्यापासून सुटले, दोघंच चालत पोहोचले. मागून कळलं की त्याच सुमारास निघालेला दुसरा तांडा लुटला गेला, काही मारले गेले, काही तहानेने गेले. आयधाबला घेण्यासारखा माल नाही, नीळ तेवढी आहे, म्हणून आपण समुद्राने हिंदुस्तानकडे निघालो आहोत. बायकोला धीर दे. ज्याने वाळवंटात वाचवलं तो समुद्रातही वाचवेल.

केंब्रिजच्या ग्रंथालयाने पत्राचं छायाचित्र इंटरनेटवर ठेवलं आहे. सिनेगॉगच्या बाहेर सावलीच्या बाकावर बसून ते मी फोनवर भावाला दाखवलं आणि इंग्रजी अनुवादावरून ओळीओळीने मराठीत सांगितलं. कागद कडेने झिजलेला, ओळी घट्ट, जागा वाचवत लिहिलेल्या. भाऊ निळीपाशी थांबला. ‘नीळ तर आपल्याकडूनच तिकडे जायची ना? मग मधल्या बंदरात ती महाग पडणार. त्यात सुटत काही नसेल, म्हणून हा पुढे निघाला,’ तो म्हणाला. मी पत्र अनेकदा वाचलं होतं, हा हिशेब मला सुचला नव्हता.

दावीद हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर त्याचा, रामबामचा आणि इतरांचा पैसा गेला. मागे बायको आणि लहान मुलगी. ११८५ मध्ये अक्कोच्या एका स्नेह्याला रामबामने लिहिलेलं पत्र आहे : बातमी आल्यापासून वर्षभर ताप आणि खचलेलं मन घेऊन अंथरुणावर होतो, आठ वर्षं झाली तरी सावरलो नाही, तो माझ्या मांडीवर वाढला, माझा भाऊ आणि माझा शिष्य, त्याचं अक्षर किंवा पुस्तक दिसलं की काळीज उलटतं. धर्मविद्येवर पैसा कमवू नये हे त्याचं ठाम मत होतं आणि ते त्याने ग्रंथात लिहूनही ठेवलं होतं. आता घर चालवायला त्याने वैद्यकी धरली.

हे सांगून झाल्यावर आम्ही दोघं बराच वेळ बसून राहिलो. वडील गेले तेव्हा मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. भावाने बारावीनंतर शिक्षण सोडून दुकान उघडलं आणि माझी फी भरली. घरात हा विषय आम्ही कधी काढत नाही. त्या बाकावर मी तो काढला. तो म्हणाला, ‘ताई, मला दुकान आवडायचं गं.’ मग म्हणाला, भूक लागलीय.

कोशरी खाल्ली : भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा, टोमॅटोचा रस्सा आणि लसणीचं व्हिनेगर. पोटभर आणि स्वस्त.

सोमवार, कैरो

वारा पडला. रामबाम फुस्तातहून रोज कैरोला दरबारात जाई. आधी सुलतान सलाहुद्दीनचा वजीर अल-फादिल याचा वैद्य होता, पुढे सुलतानपुत्र अल-अफदलचा. त्याच्यासाठी लिहिलेला आरोग्यनियमांचा ग्रंथही आहे. ११९९ मध्ये अनुवादक इब्न तिब्बोन भेटीला येऊ म्हणत होता. त्याला रामबामने आपला दिनक्रमच कळवला : पहाटे दरबार, कोणी आजारी असलं तर दिवस तिकडेच; दुपारनंतर भुकेला घरी यावं तर ओसरी भरलेली, ज्यू, बिगरज्यू, न्यायाधीश, शिपाई, मित्र, वैरी; जनावरावरून उतरून हात धुवायचे, थोडं खायचं, दिवसभरातलं तेवढंच जेवण; मग रात्र पडेपर्यंत पेशंट, शेवटी थकून आडवं होऊनच औषधं सांगायची. शनिवारी समाजाचे लोक. तू आलास तर तासभरही मिळणार नाही. अशी ओपीडी मी चालवली आहे, पण तिच्यानंतर घरी येऊन ‘संभ्रमितांचा मार्गदर्शक’सारखा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिणं माझ्या कल्पनेत बसत नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यात त्याच्या नावाची एक प्रार्थना फ्रेम करून लावलेली असते. ती त्याची नाही, १७८३ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा छापली गेली. खरा रामबाम हवा असेल तर हे दिनक्रमाचं पत्र लावा.

अल-मुइज रस्त्यावर भरपूर चाललो. ज्यू गल्लीत त्याच्या नावाचं सिनेगॉग आहे, २०१० मध्ये दुरुस्त केलेलं. आजारी माणसं बरं वाटावं म्हणून तिथे एक रात्र झोपत. ते सहसा बंद असतं, परवानगी लागते, आम्ही बाहेरून बघितलं. शेजारच्या चहावाल्याने खुर्च्या टाकल्या आणि ‘मूसा? तबीब!’ म्हणत छातीला हात लावला. तबीब म्हणजे वैद्य. आठशे वर्षांनी त्या गल्लीत त्याची ओळख तीच आहे.

आपल्या कोकणाशीही त्याचा एक धागा जुळतो. उतारवयात दक्षिण फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना लिहिताना त्याने हिंदुस्तानातल्या ज्यूंचा उल्लेख केला : त्यांना लिखित शास्त्र ठाऊक नाही, शब्बाथची (शनिवारची) विश्रांती आणि आठव्या दिवशीची सुंता एवढं ते पाळतात. हे कोकणातल्या ज्यूंबद्दल, बेने इस्रायलांबद्दल, असावं असं काहींना वाटतं. अलिबागच्या इस्रायल आळीत वाढलेल्या मला ते पटतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आमच्याकडे त्यांना ‘शनवार तेली’च म्हणत. ज्या समुद्रात त्याचा भाऊ गेला, त्याच समुद्रापलीकडची ही बातमी फुस्तातमध्ये त्याच्यापर्यंत पोहोचली होती.

जाणाऱ्यांसाठी

रामबामची समाधी इस्रायलमधल्या तिबेरियासला, गालिली सरोवराकाठी. वाटेवर दोन्हीकडे सात-सात खांब, ‘मिश्ने तोरा’च्या चौदा खंडांचे चौदा. आम्ही या वेळी तिकडे गेलो नाही, परिस्थिती बघूनच ठरवा. वेळ कमी असेल तर फेझ कमी करा, फुस्तात नको. जुन्या कैरोला पूर्ण दिवस द्या, जोडून जवळचं इजिप्शियन संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय होतं. पायात बंद बूट, सोबत मास्क. आणि निघण्याआधी दावीदचं पत्र अनुवादासह फोनमध्ये उतरवून घ्या, बेन एझ्राच्या आवारात नेटवर्क मिळेलच असं नाही.